बाबा पदमनजी : जीवन आणि संक्षेपकार्य

५.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाचा परिचय करून घेतला. १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही संख्या सुमारे ६०,००० झाली आणि ग्रंथाने ९०० पानांचा आकडा ओलांडला. एवढा थोरला कोश सिद्ध करणाऱ्यांची नावे वाङ्मयेतिहासात आदराने घेतली जातात. तोच कोश लहान करण्याचे काम ज्याने केले, त्याचे चरित्र मात्र आपण सहसा त्या कामाच्या अंगाने वाचत नाही.

बाबा पदमनजी हे नाव आपणांपैकी बहुतेकांना ‘यमुनापर्यटन’ या १८५७ सालच्या कादंबरीमुळे परिचित असेल. मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख सर्वत्र होतो. १८६३ साली त्यांनी मोल्सवर्थच्या कोशाचा जो संक्षेप तयार केला, त्याला वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा एकच ओळ मिळते. प्रस्तुत घटकात ते काम मध्यभागी ठेवून त्यांच्या जीवनाकडे पाहावयाचे आहे. त्या निमित्ताने लहान करणे, छाटणे, सार काढणे या अर्थांच्या इंग्रजी शब्दांचाही थोडा विचार करावा लागेल. कारण बाबांनी आपल्या ग्रंथाला जे इंग्रजी नाव दिले, त्या एका शब्दात त्या कामाची सगळी अडचण साठलेली आहे.

५.२ जन्म, शिक्षण आणि सहवास

बाबा पदमनजी यांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगाव येथे झाला. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती निघाली तेच हे वर्ष. घराण्याचे आडनाव मुळे, जात कासार. वडील पदमनजी इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. घरात देवधर्म, व्रतवैकल्ये, पुराणश्रवण हे सर्व यथासांग चाले आणि लहानपणी बाबांची त्यावर मनापासून श्रद्धा होती. पुढील आयुष्यात त्यांनी हिंदू आचारांवर कठोर टीका केली, तरी त्या आचारांची त्यांना असलेली माहिती पुस्तकी नव्हती, हे त्यांचे लेखन वाचताना ध्यानात ठेवावे.

बेळगावातील मिशनच्या शाळेत त्यांचे इंग्रजी शिक्षण सुरू झाले. बेळगाव हे त्या काळीही मराठी व कन्नड या दोन भाषांच्या सीमेवरचे गाव. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाच्या मनात एका वस्तूला दोन नावे असतात ही जाणीव लवकर रुजते. कोशकाराला तिचा उपयोग होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाले. या विद्यालयाचे प्रमुख डॉ. जॉन विल्सन हे मराठीचे व्यासंगी होते. मोल्सवर्थच्या दुसऱ्या आवृत्तीला मराठी भाषेच्या घटकांविषयीचा प्रास्ताविक निबंध त्यांनीच लिहिला. म्हणजे ज्या कोशावर बाबा पुढे काम करणार होते, त्याच्याशी संबंधित माणसांच्या सहवासात त्यांचे तारुण्य गेले. याच काळात ते परमहंस सभेचेही सभासद झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर प्रभृतींनी १८४९ मध्ये स्थापिलेल्या या गुप्त सभेत जातिभेद मोडण्याचा संकल्प केला जाई. सभेचे काम गुप्तपणे चाले, ही गोष्ट बाबांना फार काळ रुचली नाही. मनात एक व बाहेर एक हे त्यांना जमणारे नव्हते.

फ्री चर्चच्या विद्यालयात त्या वेळी नारायण शेषाद्री हेही शिकवीत. आपणांपैकी जे मराठवाड्यातील विद्यार्थी आहेत त्यांनी हे नाव मुद्दाम लक्षात ठेवावे. उस्मानपुऱ्याला लागून असलेल्या रेल्वेस्थानकावरून गाडी धरली की साठेक किलोमीटरवर जालना येते. तेथे आणि जवळच वसविलेल्या बेथेल या गावी नारायण शेषाद्रींनी आपल्या उत्तरायुष्यातील मोठे कार्य केले. मुंबईच्या एका वर्गातून निघालेल्या वाटा अशा रीतीने मराठवाड्यापर्यंत पोहोचलेल्या आहेत.

५.३ धर्मांतर आणि ‘यमुनापर्यटन’

१८५४ साली बाबांनी बेळगाव येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. वय तेवीस. त्या काळात या निर्णयाचा अर्थ काय होता, हे आजच्या वाचकाने प्रयत्नपूर्वक समजून घेतले पाहिजे. घर सुटले, जात सुटली, पंक्तीचे जेवण सुटले. वडिलांना झालेले दुःख बाबांनी डोळ्यांनी पाहिले. पत्नीची व त्यांची ताटातूट झाली. पुढे काही वर्षांनी त्यांनी ख्रिस्ती समाजात दुसरा विवाह केला. मतपरिवर्तन विचारांनी झाले, परंतु त्याची किंमत नात्यांनी चुकविली. या बाबतीत त्यांच्यावर मिशनऱ्यांनी दडपण आणले किंवा प्रलोभन दाखविले असे मानण्यास आधार नाही. निर्णय त्यांचा होता आणि तो घेण्यास त्यांनी कित्येक वर्षे घालविली होती.

त्यानंतर तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. यमुना व तिचा पती विनायक प्रवासास निघतात आणि ठिकठिकाणी विधवांची स्थिती पाहतात. पुढे विनायकाचा मृत्यू होतो आणि इतरांचे दुःख पाहत आलेली यमुना स्वतःच विधवा होते. केशवपनाची सक्ती हा या कादंबरीतील एक मध्यवर्ती विषय आहे. कथानकाची वीण सैल आहे, उपदेश जागोजागी डोकावतो आणि शेवट धर्मप्रसाराच्या हेतूने ठरलेला आहे, हे मान्य करूनही या पुस्तकातील निरीक्षणाचे बळ नाकारता येत नाही. बायकांच्या तोंडची बोली, घरातील शब्द, टोमणे, शिव्या, म्हणी यांचा त्यातील साठा पाहिला म्हणजे हा लेखक शब्दांकडे कान लावून बसलेला आहे हे कळते. या पुस्तकाचे वर्ष आणि मोल्सवर्थच्या दुसऱ्या आवृत्तीचे वर्ष एकच आहे, ही केवळ योगायोगाची गोष्ट. पण तीवरून एवढे समजते की बाबा लिहावयास लागले त्याच वेळी मराठीचा सर्वांत मोठा शब्दसंग्रह त्यांच्या हाताशी आला होता.

५.४ कोशाचा संक्षेप

१८६० मध्ये बाबांनी ‘शब्दरत्नावली’ हा मराठी पर्यायशब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांचा इंग्रजी नावाचा ग्रंथ बाहेर पडला : ‘अ कंपेंडियम ऑफ मोल्सवर्थ्स मराठी अँड इंग्लिश डिक्शनरी’. मूळ कोशकार मोल्सवर्थ त्या वेळी हयात होते; त्यांचे निधन १८७१ मध्ये झाले.

हा संक्षेप कशासाठी हवा होता, हे समजण्यास अवघड नाही. मोल्सवर्थचा कोश चाळून पाहिला तर एकेका शब्दाखाली केवढी सामग्री आहे ते दिसते. शब्दाचे लिंग, तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदी हे सांगणारी कंसातील आद्याक्षरे, मुख्य अर्थ, लाक्षणिक अर्थ, वाक्प्रचार, म्हणी आणि पुष्कळदा कोशकाराची स्वतःची मल्लिनाथी. विद्वानाला हे वैभव वाटते. परंतु मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली होती, इंग्रजी शाळा वाढत होत्या आणि मराठी उताऱ्याचे इंग्रजी करावयास बसलेल्या मुलाला हवा होता तो हातात धरता येईल, खिशाला परवडेल आणि शब्द चटकन सापडेल असा कोश. मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची व मिशनऱ्याची गरजही याहून फार वेगळी नव्हती.

आता प्रश्न असा की या ग्रंथाला ‘कंपेंडियम’ हेच नाव का. इंग्रजीत लहान करण्यासाठी शब्दांची वाण नाही. त्यांतील कित्येकांच्या पोटात सुरी लपलेली आहे. ‘एपिटोम’ हा शब्द मूळ ग्रीक. वरून छेद घेणे हा त्याचा धातुगत अर्थ. ‘प्रेसी’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द लॅटिनमधील कापून टाकणे या क्रियापदावरून बनला. ‘ट्रंकेट’ म्हणजे झाडाच्या फांद्या तोडून नुसते खोड ठेवणे. ‘कर्टेल’ या शब्दाची कथा गमतीची आहे : शेपूट छाटलेल्या घोड्याला इंग्रजीत ‘कर्टल’ म्हणत, त्यावरून हे क्रियापद आले, पुढे लोकांना त्यात शेपटीचा इंग्रजी शब्द ऐकू येऊ लागला आणि स्पेलिंगही तसेच झाले. ‘रिट्रेंच’चे मूळही कापण्यातच आहे. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी करून हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘रिट्रेंचमेंट’ हा शब्द कोशात पाहावा लागत नाही. कामगार कपात म्हणून तो त्याला सूचनाफलकावर भेटलेला असतो.

दुसऱ्या गटातील शब्द सुरी न वापरणारे आहेत. ‘ॲब्रिज’ आणि ‘ॲब्रिव्हिएट’ ही एकाच लॅटिन घराण्यातील दोन भावंडे. दोहोंच्या मुळाशी आखूड या अर्थाचे विशेषण आहे. तरीही व्यवहारात त्यांनी कामे वाटून घेतली. ग्रंथ लहान केला तर ‘ॲब्रिज’, शब्द लहान केला तर ‘ॲब्रिव्हिएट’. ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ म्हणजे ओढून बाहेर काढलेले. ‘कंडेन्स’ म्हणजे दाट केलेले. ‘कंपेंडियम’ हा यांतला सर्वांत वेगळा. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ एकत्र तोलणे, आणि त्यावरून बचत, लाभ, जवळची वाट. काय कापले यापेक्षा काय वाचले याकडे त्या शब्दाचे लक्ष आहे. त्यात वेळेची बचत आहे, श्रमाची आहे आणि अर्थातच पैशाचीही. बाबांनी हे नाव निवडताना लॅटिन व्युत्पत्ती मनात धरली असेलच असे नव्हे. एकोणिसाव्या शतकात शालेय व धार्मिक पुस्तकांच्या नावांत हा शब्द रूढच होता. पण ते नाव या कामास शोभले एवढे निश्चित.

येथे एक सावधगिरी. आजच्या इंग्रजीत ‘कंपेंडियम’ हा शब्द पुष्कळदा मोठा संग्रह या उलट अर्थाने वापरला जातो, आणि ‘कंपेंडियस’ व ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ या दोन शब्दांची गल्लत तर चांगले लिहिणारेही करतात. पहिल्याचा अर्थ थोडक्यात पुष्कळ सांगणारा. दुसऱ्याचा अर्थ सर्व काही कवेत घेणारा. बाबांच्या ग्रंथसूचीत ही दोन्ही टोके आहेत. मोल्सवर्थच्या संक्षेपाला त्यांनी ‘कंपेंडियम’ म्हटले आणि स्वतंत्रपणे तयार केलेल्या इंग्रजी–मराठी कोशाच्या नावात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हा शब्द घातला. दोहोंतील भेद त्यांना पुरता ठाऊक होता.

मराठीची या बाबतीतील श्रीमंती इंग्रजीहून कमी नाही, फक्त ती वेगळ्या ठिकाणी साठलेली आहे. ‘संक्षेप’ या संस्कृत शब्दात कापणे मुळीच नाही. सम् उपसर्ग आणि क्षिप् धातू, म्हणजे विखुरलेले एकत्र टाकणे. ‘त्रोटक’ मात्र तुटण्यावरून आला, म्हणून त्रोटक माहितीत उणेपणाचा सूर असतो आणि संक्षिप्त माहितीत तो नसतो. ‘गोषवारा’ फारसीतून महसूल व जमाखर्चाच्या दप्तरात आला. औरंगाबादच्या दखनी बोलीत व उर्दूत ‘मुख्तसर’ सहज ऐकू येतो. अरबी विद्यापरंपरेत मोठ्या ग्रंथाच्या संक्षेपाला हेच नाव आहे. घरगुती क्रियापदे तर याहून बोलकी. बाही आखूड करतात, द्राक्षवेलीची छाटणी करतात, दूध आटवतात, पाणी गाळतात. दूध आटवले तर त्यातले काही फेकावे लागत नाही, फक्त पाणी उडून जाते. ‘गाळणे’ तर दुहेरी आहे. पाणी गाळले की खाली उरते ते चांगले. पण छापताना ओळ गाळली तर जे गेले तेच कदाचित महत्त्वाचे असते. संक्षेपकाराला या दोन्ही अर्थांनी गाळावे लागते आणि आपण कोणत्या अर्थाने गाळत आहोत हे प्रत्येक नोंदीपाशी थांबून ठरवावे लागते.

हे ठरविणे किती कठीण असते ते आपल्या परिचयाच्या एका शब्दावरून पाहू. ‘तोडणे’ हे क्रियापद घ्या. फूल तोडतात, लाकूड तोडतात. हा अर्थ एका इंग्रजी शब्दात सांगून मोकळे होता येते. पण सोयरीकही तोडतात, लचके तोडतात, अकलेचे तारेही तोडतात. यांतील कोणते ठेवावे? पहिला अर्थ विद्यार्थ्याला संदर्भावरूनही कळला असता. ज्यासाठी त्याला कोश उघडावा लागतो ते शेवटचे. म्हणजे जे सर्वांत जास्त जागा खाते तेच सर्वांत जास्त गरजेचे ठरते. सरसकट उदाहरणे वगळा असा नियम केला तर कोश लहान होईल खरा, परंतु तो परक्या माणसाच्या उपयोगाचा राहणार नाही. सगळीच ठेवली तर तो लहानच होणार नाही. यावर कोणताही यांत्रिक उपाय नाही. प्रत्येक शब्दापाशी भाषा जाणणाऱ्या माणसाने आपला निर्णय द्यावा लागतो, आणि असे निर्णय बाबांना हजारो वेळा द्यावे लागले. मूळ कोशाचे संपादक परदेशी होते आणि त्यांचे साहाय्यक शास्त्रीमंडळी होती. संक्षेप करणारा माणूस मराठी घरात जन्मलेला, कासार कुटुंबातला, शास्त्रीपरंपरेबाहेरचा होता. कोणता शब्द चालता आहे आणि कोणता केवळ पोथीत आहे, हे ठरविण्याचा अधिकार अशा माणसाच्या हाती जाणे ही मराठी कोशरचनेच्या इतिहासातील लहान घटना नव्हे. अभ्यासकांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोल्सवर्थच्या नोंदीतील मल्लिनाथी या संक्षेपात आटली आणि त्याबरोबर वाचनाचा एक आनंदही गेला, हे कबूल केले पाहिजे. मूळ कोश कादंबरीसारखा वाचत बसता येतो. संक्षेप तसा वाचवत नाही. तो वाचण्यासाठी नाहीच. शब्द पाहावा, पुस्तक मिटावे आणि आपल्या कामाला लागावे, हा त्याचा हेतू. तो साध्य झाला असावा, कारण १८७५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

५.५ उत्तरायुष्य

पुण्यात काही काळ शिक्षक व पाळक म्हणून काम केल्यावर प्रकृतीच्या कारणाने बाबांनी पाळकपद सोडले आणि पुढील आयुष्य मुख्यतः लेखन व संपादन यांत घालविले. ‘सत्यदीपिका’ या मासिकाचे संपादन त्यांनी केले. ट्रॅक्ट सोसायटीसाठी त्यांनी कित्येक लहान पुस्तिका लिहिल्या. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभरावर जाते आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक ही त्यांची ओळख त्यामुळेच रूढ झाली. यांतील वादग्रंथ आज फारसे कोणी वाचत नाही. कृष्ण व ख्रिस्त यांची तुलना करणाऱ्यासारखे लेखन त्या काळच्या धर्मवादात तापलेले आहे आणि त्यातील आवेश आजच्या वाचकाला दूर लोटतो. नव्या करारावरील त्यांची टीका मात्र परिश्रमाची साक्ष देते.

१८८८ मध्ये त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान वरचे आहे. सत्तावन्नाव्या वर्षी लिहून प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकाचा रोख बालपणापासून दीक्षेपर्यंतच्या वाटचालीवर आहे. नंतरची तीसपस्तीस वर्षे, म्हणजे कादंबरी, कोश, संसार, पाळकपद हे सारे त्याच्या कक्षेबाहेर राहते. संक्षेपाचे कसब अंगी बाणलेल्या लेखकाने स्वतःच्या आयुष्यातून काय ठेवले आणि काय वगळले हे यावरून दिसते. आपल्या दृष्टीने दुर्दैव असे की जे वगळले त्यात कोशकार्यही होते. ते कोठे बसून, कोणाच्या मदतीने, किती दिवसांत झाले याचे त्यांच्या तोंडून सविस्तर वर्णन आपल्याला या ग्रंथात मिळत नाही. १८९० मध्ये मरी मिचेल यांनी या आत्मचरित्राचे इंग्रजी रूप संपादून प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या ग्रंथावर कात्री चालविणाऱ्या बाबांचे आयुष्य आता दुसऱ्या संपादकाच्या हातून इंग्रजी वाचकांपुढे गेले.

बाबा पदमनजी यांचे निधन २९ ऑगस्ट १९०६ रोजी झाले. त्यानंतर सुमारे पाव शतकाने यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड प्रसिद्ध होऊ लागले आणि मराठी कोशरचना पुन्हा विस्ताराच्या मार्गाने निघाली. त्याचा विचार पुढील घटकात येईल.

स्वाध्याय : मोल्सवर्थच्या कोशातील किमान दहा ओळींची कोणतीही एक नोंद निवडा आणि ती दोन ओळींत बसवा. जे वगळले ते स्वतंत्र कागदावर लिहा व प्रत्येकापुढे वगळण्याचे कारण एका वाक्यात नोंदवा. ज्या ठिकाणी कारण सापडत नाही तेथे तो भाग परत घ्या, मग ओळी तीन झाल्या तरी चालतील.